एकोणतिसाव्या संध्याकाळची साक्ष

नौपाड्यातल्या माणसाला कल्याण हे परगाव वाटत नाही, आणि तिथेच तो फसतो. मी आजवर कल्याणवरून कितीदा गेलो असेन! नाशिकला गेलो, इगतपुरीला गेलो. पण कल्याणात पाय टेकला तो फक्त फलाटावर, गाडी बदलण्यापुरता. यंदा मात्र चार दिवस मुक्काम करून आलो. आल्यापासून आमची ही म्हणते, "शरीर तेवढं आलंय, बाकी तिकडेच राहिलंय वाटतं!" तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. फळ्यावर घडा काढताना हात मध्येच थांबतो आणि मला त्या तळ्याकाठचा दगडी जिना दिसू लागतो. मुलं हसतात. हसोत बापडी.

मी ठाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. इस्माईल कल्याणच्या उर्दू शाळेत तेच करतो. परीक्षांची चित्रं तपासायला आम्हाला दरवर्षी एका टेबलाशी बसवतात. तिथे एकाच डब्यातलं खाता खाता मैत्री झाली. "आमच्या तळ्याकाठी जुनी मशीद आहे, तिच्या खिडक्या एकदा कागदावर उतरवून ने," असं तो चार वर्षं म्हणत होता. या मे महिन्याची सुट्टी सरत आली तेव्हा रमजानही सरत आला होता. त्याने पत्र टाकलं, "आताच ये. ईदही बघशील."

शेजारच्या नानांनी विचारलं, "त्यांच्या वस्तीत एकटेच राहणार?" फाळणीला सात वर्षं होत आली तरी हा प्रश्न आमच्या आळीतून हललेला नाही. मी म्हटलं, "नाना, एकटा कसला, इस्माईलची अख्खी आळी आहे सोबतीला." हिने रव्याच्या लाडवांचा डबा हातात दिला आणि मी निघालो.

अठ्ठाविसावा रोजा

मृग लागायला चार दिवस होते. रोज दुपारी आभाळ भरून यायचं आणि एक थेंबही न टाकता निघून जायचं. त्या कोंदट, हिरवट उजेडात टांगा खाडीच्या बाजूने आळीत शिरला, तेव्हा घरांच्या ओट्यांवर माणसं अर्धवट झोपेत बसलेली होती. कोणी घाईत नव्हतं. एका दारात बकरी उभी होती, तीही जणू रोजा धरून होती.

इस्माईलच्या दारात पाय ठेवताच मी पहिली चूक केली. लाडवांचा डबा उघडला आणि समोर येईल त्याला "घ्या ना, घ्या" करत सुटलो. सगळे नुसते हसत उभे! शेवटी इस्माईल म्हणाला, "मास्तर, सूर्य तरी बुडू दे रे."

त्याची आई रुकैयाबी. इस्माईल तिला 'मा' म्हणतो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मीही म्हणू लागलो. साठीची, ठेंगणी, आवाज खणखणीत. ही कोकणी मुसलमान मंडळी घरात आपल्यासारखंच मराठी बोलतात, थोड्या निराळ्या चालीचं. तिने माझ्यापुरतं दुपारचं जेवण रांधलं होतं, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. मी एकटा जेवतोय आणि सकाळपासून घोटभर पाणीही न प्यालेली ती बाई मला पंख्याने वारा घालतेय. त्यात बिरडं असं खारट की डोळ्यांत पाणी आलं. मी निमूट जेवलो, पण तीन तांबे पाणी प्यालो. तिने ओळखलं.

"खारट झाला ना? अरे, आमाला जिभेवर ठेवायची नाय ना! अंदाजान घालतंव."

रोज्यात काही बायका जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकून टाकतात, पण मा तेवढंही करत नाही. मग तिला एकदम कल्पना सुचली. संध्याकाळचा रोजा सोडायला जे जे शिजेल ते चाखण्याचं काम माझ्याकडे आलं. "मास्तर, मीठ बघ!" अशी हाक आली की मी पेन्सिल ठेवून चुलीपाशी. शेजारच्या दोन घरांतूनही वाट्या येऊ लागल्या. इतकी वर्षं मास्तरकी केली, पण माझ्या शब्दाला असा मान कधी मिळाला नव्हता.

आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, वर बटाट्याचा कीस, आणि शिवाय "आज उपास आहे हो" असं चारचौघांना सांगणं. इथे कोणी सांगतच नव्हतं. मला मनातून जरा लाज वाटली.

दुपारी मशिदीत गेलो. काळ्या दगडाची बुटकी इमारत, पायऱ्या थेट तळ्यात उतरलेल्या. आत गारवा. मला वाटलं होतं, देवळासारखी लगबग असेल, घंटा नाही तरी काहीतरी नाद असेल. पण कोणी चटईवर आडवं झालेलं, कोणी हलक्या आवाजात कुराण वाचतंय, आणि एका खांबाशी दोन शेजाऱ्यांचं भांडण चाललेलं, पन्हाळीचं पाणी कोणाच्या भिंतीवर पडतं यावरून. खतीबसाहेब, म्हणजे नमाज पढवणारे वडीलधारे गृहस्थ, दोघांचंही शांतपणे ऐकत होते. हात-पाय धुवायच्या हौदात लाल मासे फिरत होते. उजेड जाळीतून यायचा, पाण्यावर पडायचा, तिथून छतावर चढायचा. मी खिडकी काढायला बसलो आणि किती वेळ गेला मला कळलं नाही.

"मास्तर ना? इस्माईलचा?" मागून आवाज आला. ते उस्मानमामू, माचे सख्खे थोरले भाऊ. मशिदीत बांग देण्याचं काम त्यांचं, त्याआधी त्यांच्या वडिलांचं, त्याआधी आजोबांचं. लांबसडक बांधा, पांढरी दाढी, गळ्यात रुमाल. मी हौसेने चित्र त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते डोळ्यांसमोर बराच वेळ धरलं आणि म्हणाले, "वा! अगदी हुबेहूब!"

चित्र त्यांनी उलटं धरलं होतं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला चित्रातलं काही कळत नाही, आणि थोडा हिरमुसलोही. किती मूर्ख होतो मी!

सूर्य बुडाला, मामूंची बांग झाली. तळ्यावरून तो आवाज सावकाश पसरत गेला. आवारात लांबच लांब चटई अंथरलेली. घराघरांतून आलेली ताटं तिच्यावर मांडलेली. खजूर, भिजवलेली डाळ, कांदाभजी, गुलाबाचं सरबत, आणि नारळाचं दूध घालून वाफवलेली तांदळाची सांदणं. ओळीत वखारवाला, पोस्टमन, खाडीत रेती काढणारा कादर, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. पहिला घोट पिताना कोणी बोलत नव्हतं. आमचे रव्याचे लाडूही तिथेच खपले. मामूंनी दोन खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला.

एकोणतिसावा रोजा

सकाळपासून घराचा नूर पालटला. कारण इस्माईलचा धाकटा भाऊ दाऊद आला होता. दाऊद जहाजावर असतो, इंजिनात कोळसा टाकायच्या कामावर. पाच वर्षांत एकही ईद त्याच्या वाट्याला घरी आली नव्हती. यंदा जहाज मुंबईला लागलं होतं, पण परवा पहाटे सुटणार. उद्या संध्याकाळपर्यंत त्याला बंदरावर हजर व्हायचं होतं, म्हणजे दुपारी घर सोडायला हवं.

आता गंमत अशी की ईद कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आज संध्याकाळी चाँद दिसला तर उद्या ईद. नाही दिसला तर उद्या तिसावा रोजा, आणि ईद परवा. आपली दिवाळी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. इथे कॅलेंडरात लिहिलेलं कोणी विचारातच घेत नाही. चाँद आपल्या माणसांनी आपल्या डोळ्यांनी बघावा लागतो. आभाळ ढगाळ असलं तर निदान दोन भरवशाच्या माणसांनी खतीबसाहेबांपुढे साक्ष द्यावी लागते. तिला 'शहादत' म्हणतात. रेडिओ, तार, काही चालत नाही.

मा दुपारीच खारका चिरायला बसली. शेवया तुपात परतून ठेवल्या. चारोळ्या निवडल्या. गवळ्याला दूध जास्त सांगून ठेवलं. मधूनच ओट्यावर यायची आणि आभाळाकडे बघून आत जायची. ढग हलत नव्हते.

"मा, नाय दिसला तर नाय," दाऊद म्हणाला. "दर्यावर कप्तान सांगल तवा आमची ईद."

"गप बस," मा म्हणाली. "माझा भाव बघल. चाळीस सालां त्यानंच बघितलाय."

हे खरं होतं. मशिदीच्या गच्चीवरून चाँद बघायचा मान मामूंच्या घराण्याचा. बाकी लोक तळ्याच्या बांधावर जमतात, काही खाडीवर जातात; पण "मामू काय म्हणतात?" हा शेवटचा प्रश्न. इस्माईलने माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला त्यांच्याबरोबर वर जायची परवानगी मिळाली.

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज आटोपून मामू जिन्याशी आले. बावीस पायऱ्या, अंधाऱ्या आणि झिजलेल्या. मी तीनदा ठेचकाळलो. मामू भराभर चढले, एका हाताने भिंत चाचपत.

वर सगळं निळसर आणि स्तब्ध होतं. खाली तळं, पलीकडे माडांचे शेंडे, त्यापलीकडे खाडीची राखाडी रेघ. बांधावर शेकडो पांढऱ्या टोप्या, सगळ्या पश्चिमेकडे वळलेल्या. एवढी माणसं आणि आवाज नाही. मला वाटलं, हे मी कधीतरी लहानपणी स्वप्नात पाहिलं आहे. मामू कठड्याला टेकून उभे होते, ओठ हलत होते.

आणि ढगांत एक फट पडली. तिच्यात नखाच्या कडेएवढी बारीक, फिकट रेघ होती.

"मामू! तो बघा! तिरक्या माडाच्या वर, दोन बोटं!" मी ओरडलोच.

"कुठं?"

मी त्यांच्या खांद्यावरून हात लांब केला. "इथून सरळ. दिसला?"

त्यांनी मान उचलली, डोळे बारीक केले, रुमालाने पुसले, पुन्हा बघितलं. चेहरा मात्र माझ्या बोटापेक्षा बराच डावीकडे वळलेला होता. फट मिटली. मी पुन्हा विचारलं, "दिसला ना मामू?" ते वळले आणि म्हणाले, "चला खाली."

खाली आवार भरून गेलं होतं. रेती काढणारा कादर खाडीवरून धावत आला होता, चिखलाच्या पायांनी. त्याने खतीबसाहेबांपुढे शहादत दिली, "अल्लाला हाजिर जानून सांगतंव, मी चाँद बघितला." एक साक्ष झाली. दुसरी हवी होती. सगळ्यांची तोंडं जिन्याकडे. दाराबाहेर बायकांत मा उभी होती, दाऊद तिच्या शेजारी.

"उस्मानमियाँ, तुम्ही पाहिलात?" खतीबसाहेबांनी विचारलं.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खोटंही झालं नसतं. चाँद होता तिथे! मा डोळ्यांत प्राण आणून भावाकडे बघत होती. मामूंनी एकदा घसा साफ केला.

"मना नाय दिसला."

माझ्याच्याने राहवलं नाही. इस्माईलने मनगट धरलं तरी मी पुढे झालो आणि म्हटलं, "खतीबसाहेब, मी पाहिला! यांच्या शेजारी उभं राहून पाहिला, शपथेवर सांगतो!"

कोणी रागावलं नाही. खतीबसाहेब उठून माझ्याजवळ आले. "मास्तर, तुम्हाला खोटं कोण म्हणेल? पण ही साक्ष रोज्याची आहे. ज्याचा रोजा, त्यानेच द्यायची." मग सर्वांना म्हणाले, "उद्या तिसावा रोजा."

लोक पांगू लागले आणि तेव्हा मला कुजबुज ऐकू आली. "मास्तरला दिसला नि मामूंना नाय? शेजारीच तर उभे होते..." मग कोणीतरी हळूच म्हणालं, "डोले गेले म्हाताऱ्याचे." कालचं उलटं धरलेलं चित्र आठवलं, भिंत चाचपणारा हात आठवला. माझी साक्ष ईदेच्या कामी आली नाही, मामूंना उघडं पाडायला मात्र पुरली. चवीला माझी जीभ चालली होती म्हणून मला वाटलं डोळेही चालतील. मामू एवढ्या गर्दीत एकटे उभे होते, आणि मा त्यांच्याकडे न बघता घरी निघून गेली.

तिसावा रोजा

या दिवशी मीही रोजा धरला. कोणी सांगितलं नव्हतं. मा म्हणाली, "तू कशाला? तू तर बघितला ना चाँद, तुझी ईद आज!" पण ती हसली नाही.

दाऊद दुपारी निघाला. मुलगा दारात, घरात शेवया तयार, आणि खाऊ घालता येत नाही. तिने पितळेचा डबा घट्ट बांधून दिला. "मगरिब झाली की खा. बंदरावर खा, पन खा." दाऊद वाट वाकडी करून मशिदीत गेला आणि मामूंना कडकडून भेटला. मी लांबून पाहिलं. मामूंनी त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत, फार सावकाश.

दरवर्षी मामूंचं इफ्तारीचं, म्हणजे रोजा सोडायचं, ताट मा स्वतः नेऊन देते; आज इस्माईलची बायको घेऊन गेली. "एवढी रागावलीय?" मी इस्माईलला विचारलं. तो म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा." हे सगळं माझ्यामुळे झालं, असं मला दिवसभर वाटत राहिलं. तहानेने घसा सुकला होता, ते एक बरंच झालं.

संध्याकाळी चाँद सगळ्यांना दिसला. तीस रोजे पुरे झाले होते, आता कोणाच्या साक्षीची गरज नव्हती. पोरंसोरं बोट दाखवून ओरडत होती. मामू गच्चीवर चढलेच नाहीत.

ईद

सकाळी सगळी आळी अत्तराने घमघमत होती. मशिदीचं आवार, पायऱ्या, बांध, सगळीकडे पांढऱ्या ओळी. शेकडो माणसं एकदम वाकली की कपड्यांची सळसळ तळ्यावर जायची. मी बाहेर पिंपळाखाली बसून ती ऐकत होतो. नमाजनंतर जो तो दुसऱ्याला छातीशी धरत होता. मलाही धरलं, पोस्टमनने, वखारवाल्याने, कादरने. आमच्याकडे दसऱ्याला सोनं देतात तेव्हा भांडलेले लोकही एकमेकांच्या पाया पडतात, तसंच काहीसं. फक्त इथे हाडं जरा जास्त मोडतात.

मामू आपल्या खोलीत, मशिदीच्या भिंतीला लागून, खाटेवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो. "मामू, मला माफ करा. मी तोंड उघडायला नको होतं."

"का? तुम्ही बघितला, तुम्ही सांगितला," ते म्हणाले. "तुम्ही बघितला हे मना वरतीच कळला. पन मी नव्हता बघितला. कसा सांगू?" मग म्हणाले, "तीन सालां झाली, मास्तर. धुकाच हाय. गेल्या दोन सालांत आभाल साफ होता, सगळ्यांनीच बघितला. मी नुसता होय म्हटला. तेवढा खोटा हाय माझ्या नावावर. आनखी नको होता."

खतीबसाहेब सकाळी चौघांबरोबर आले तेव्हा त्यांनाही हे कबूल केल्याचं मामूंनी सांगितलं. पुढच्या सालापासून गच्चीवर तरुण मंडळी जातील, आणि शहादत ऐकून घ्यायला खतीबसाहेबांच्या शेजारी मामू बसतील. मामूंनी हे सांगितलं आणि उजवा तळहात माझ्यापुढे उघडा धरला.

"आता सांगा. कसा होता?"

मी म्हटलं, "अगदी बारीक."

"असां नको. काढून दावा. तुम्ही चित्रवाले ना?"

मी बोटाने त्यांच्या तळहातावर चंद्र काढला. नीट जमला नाही म्हणून पुसल्यासारखा करून पुन्हा काढला. उजवं टोक जरा खाली, डावं जरा वर. त्यांनी विचारलं, "मधी जाड की सारखा?" मी म्हटलं, "मध्ये जरासा. टोकांना नाहीच." ते डोळे मिटून बसले. "या दिवसांत असाच अस्तो," ते म्हणाले. "खराच होता. तुमची शहादत मी घेतली."

मग ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला. बहिनीला सांगायचाय."

"काय सांगणार?"

"चाँद होता, असा. तिच्या पोराची ईद माझ्यापायी गेली. तिला तुमच्या तोंडून कशाला, माझ्या तोंडून ऐकू दे."

आळीतून जाताना माणसं वाट देत होती. मामू प्रत्येकाला आवाजावरून नाव घेऊन मुबारक म्हणत होते. दारात मा उभी होती, हातात शिरखुर्म्याची वाटी. ती कोणाकडे निघाली होती कोण जाणे. मामूंनी खांद्यावरचा हात काढला, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "रुकैया, परवा चाँद होता."

"माहीत हाय," मा म्हणाली. "मास्तर वरडत होता तो बहिऱ्यालाबी ऐकू गेला असता. चाँदाचा मी काय करू? दाऊदच्या डब्यात शेवया दिल्या मी, त्यानं खाल्ल्या असतील. त्याचा काय नाय रे!" आणि तिचा तो खणखणीत आवाज फुटला. "तीन सालां तुला दिसत नाय. बावीस पायऱ्या चढत होतास एकटा. आनि मना कळतंय कवा, तर सगळ्या कल्यानाबरोबर?"

मामूंनी नुसता हात पुढे केला, जिथे ती असेल असं वाटलं तिथे. तो जरा डावीकडे गेला. मा दोन पावलं डावीकडे सरकली आणि त्या हातात तिने वाटी दिली. मग त्यांचं दुसरं मनगट धरून त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं. "पायरी हाय," ती म्हणाली. "उंच हाय. सांभाल."

मामू चटईवर बसले. मा आत वळली, दोन पावलं जाऊन थांबली, आणि माझ्याकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मास्तर, असा काय उभा ऱ्हायलास? इकडं ये, गोड बघ."